वळण मागून सुरू होते

घरच्या शेडमध्ये किंवा फॅब्रिकेशनच्या दुकानात छोटी मोटरगाडी उभी करायला घेतलेला माणूस बहुतेक वेळा पुढून सुरुवात करतो. आधी स्टिअरिंग व्हील येते, मग टाय रॉड, मग पुढची चाके. मागच्या बाजूला फार विचार लागत नाही असा त्याचा समज असतो. एक सरळ स्टीलचा बार, दोन पेडेस्टल बेअरिंग, दोन्ही टोकांना चाके, मध्ये स्प्रॉकेट आणि इंजिनापासून आलेली चेन, एवढे झाले की मागचे काम संपले. गाडी सुरू होते, सरळ रेषेत झकास पळते. पहिल्या वळणावर मात्र स्टिअरिंग पूर्ण फिरवूनही ती पुढेच जात राहते. पुढचे टायर रस्त्यावर आडवे घासले जातात, मागून करकर आवाज येतो आणि ठरवलेल्या वळणापेक्षा गाडी कितीतरी बाहेर जाऊन थांबते. मग दोष स्टिअरिंगला दिला जातो. आर्म बदलतात, रॉडची लांबी बदलते, पुढे जाड टायर येतात. गाडी तरीही ऐकत नाही, कारण बिघाड तिथे नसतोच. तो मागच्या ॲक्सलमध्ये असतो.

घरगुती गाड्यांची माहिती साधारणपणे तुकड्यातुकड्यांनी मिळते. इंजिन कुठले घ्यावे, वेल्डिंग कसे करावे, स्प्रॉकेटला किती दात असावेत हे सांगणारे पुष्कळ भेटतात. मागचा ॲक्सल आणि पुढचे स्टिअरिंग हा एकच निर्णय आहे, हे फार थोडे सांगतात. या विषयाची ओळख त्या एका गोष्टीपासूनच व्हायला हवी.

आकडेमोड सोपी आहे. मागच्या दोन चाकांमधले अंतर १.२ मीटर आणि वळणाची त्रिज्या गाडीच्या मध्यापर्यंत ५ मीटर धरली, तर आतले चाक ४.४ मीटरच्या वर्तुळावर चालते आणि बाहेरचे ५.६ मीटरच्या. काटकोनात वळताना आतले चाक ६.९ मीटर चालते, बाहेरचे ८.८ मीटर. फरक १.९ मीटरचा. त्रिज्या ५ ऐवजी ५० मीटर केली तरी काटकोनी वळणातला हा फरक तेवढाच राहतो, कारण तो फक्त चाकांमधल्या अंतरावर आणि गाडी किती अंशांत वळली यावर अवलंबून असतो. मोठ्या वळणात तो लांब अंतरात वाटला जातो, अरुंद वळणात थोडक्या अंतरात भागवावा लागतो. दोन्ही चाके एकाच सळईवर घट्ट बसवलेली असतील तर ती सारखेच फेरे घेणार. म्हणजे कुठल्यातरी चाकाला घसटत जावेच लागते. दोन्ही टायर जमिनीला धरून असतील, तर ते या घसटण्याला विरोध करतात आणि गाडीला सरळ रेषेत ढकलत राहतात. पुढची दोन चाके त्या जोराशी झुंजतात आणि बहुधा हरतात.

चाकावर चालणाऱ्या प्रत्येक वाहनाला हा प्रश्न सोडवावा लागला आहे आणि प्रत्येकाने तो आपापल्या परीने सोडवला. बैलगाडीत ॲक्सल फिरत नाही, त्याच्यावर चाके मोकळी फिरतात, त्यामुळे भांडण उद्भवतच नाही. रेल्वेचे चाक आणि ॲक्सल एकजीव असतात. तिथे चाकाची धाव किंचित शंकूसारखी उतरती ठेवतात. वळणावर चाकांची जोडी बाहेरच्या बाजूला सरकते, बाहेरचे चाक आपल्या मोठ्या घेरावर आणि आतले लहान घेरावर चालते, आणि फरक भरून निघतो. रस्त्यावरच्या गाडीसाठीचे उत्तर पॅरिसमधल्या ओनेसिफोर पेकर याने दिले. वाफेवर चालणाऱ्या गाडीसाठी त्याने १८२७ साली डिफरन्शियलची रचना मांडली. दोन्ही चाकांना जोर मिळतो, पण वेग आपापला ठेवता येतो. आजची जवळजवळ प्रत्येक मोटार याच तत्त्वावर वळते.

घरी गाडी बनवणाऱ्याला सगळ्यात जास्त शिकवते ती मात्र डिफरन्शियल नसलेली गाडी, म्हणजे शर्यतीची छोटी कार्ट. कार्टच्या मागे एकच सलग ॲक्सल असतो, दोन्ही चाके त्याला पक्की जखडलेली असतात. सस्पेन्शनही नसते. वरच्या हिशेबाने अशा गाडीने वळायलाच नको. प्रत्यक्षात ती जगातल्या सर्वांत चपळ वळणाऱ्या वाहनांपैकी एक आहे.

कार्टचा जन्मसुद्धा घरगुतीच. कॅलिफोर्नियातल्या कर्टिस क्राफ्ट या शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या कारखान्यात आर्ट इंगल्स नावाचा कारागीर होता. १९५६ साली त्याने लू बोरेली याच्या मदतीने लोखंडी नळ्यांची एक बुटकी गाडी जोडली आणि तिला गवत कापायच्या यंत्रासाठी बनवलेले वेस्ट बेंडचे टू-स्ट्रोक इंजिन बसवले. पॅसाडीनातल्या रोझ बाउल स्टेडियमच्या पार्किंगच्या मोकळ्या मैदानात ती गाडी फिरू लागली, लोक बघायला जमले, आणि पाहणाऱ्यांनी आपापल्या गॅरेजात तशाच गाड्या बनवायला घेतल्या. वर्षा-दोन वर्षांत ‘गो कार्ट’ नावाने कंपनी निघाली. १९६४ साली पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. पुढे आयर्टन सेना १९७९ आणि १९८० अशी लागोपाठ दोन वर्षे याच स्पर्धेत दुसरा आला. शोध लागला तेव्हा कुणाकडे मोठी प्रयोगशाळा नव्हती. गाडी वळवून बघायची, नळी कापून पुन्हा जोडायची, पुन्हा वळवून बघायची, या मार्गाने ही विद्या घडली. त्यामुळेच ती घरच्या वर्कशॉपात नीट समजू शकते.

कार्टची युक्ती अशी: वळताना मागचे आतले चाक जमिनीवरून उचलायचे. ते हवेत गेले की घसटायला उरतच नाही. उरलेल्या तीन चाकांवर गाडी वळते आणि सलग ॲक्सल सगळा जोर बाहेरच्या चाकाला देतो.

हे चाक उचलते कोण? पुढचे स्टिअरिंग. पुढची चाके ज्या किंगपिनवर फिरतात ती पिन उभी सरळ नसते. बाजूने पाहिले तर तिचे वरचे टोक मागे झुकलेले असते, त्याला कॅस्टर म्हणतात. समोरून पाहिले तर ती आत झुकलेली असते. शिवाय चाक पिनपासून बरेच बाहेर असते. अशा झुकलेल्या पिनभोवती स्टब ॲक्सल फिरला की चाक नुसते वळत नाही, वरखालीही होते. डावीकडे वळताना डावे पुढचे चाक चासीच्या मानाने खाली सरकते आणि उजवे वर जाते. डगमगत्या चौरंगाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली की चौरंग त्या पायावर आणि त्याच्या तिरप्या समोरच्या पायावर उभा राहतो, उरलेले दोन हलके होतात. इथेही तसेच घडते. पुढचे आतले आणि मागचे बाहेरचे चाक भार घेतात, पुढचे बाहेरचे आणि मागचे आतले हलके होतात. त्याच वेळी वळणामुळे वजन बाहेरच्या बाजूला लोटले जाते, म्हणून पुढच्या बाहेरच्या चाकाला त्याचा भार परत मिळतो. दोन्ही कारणांनी हलके होणारे चाक एकच, मागचे आतले. मोटारीत कॅस्टर काही अंशांचाच असतो. कार्टमध्ये तो दहा अंशांच्या पुढे जातो तो याच कामासाठी. घरगुती गाडीत किंगपिन सरळ उभी वेल्ड केली आणि मागे सलग ॲक्सल टाकला, तर चाक उचलायचे साधनच उरत नाही. पहिल्या परिच्छेदातली गाडी वळत नाही त्याचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते.

यापुढचा भाग सूक्ष्म आहे आणि तिथे थोडे थांबावे लागते. उचललेले चाक किती वेळ हवेत राहावे, हे चासीच्या लवचिकतेवर ठरते. चासी फार ताठ असेल तर चाक झटक्यात उचलले जाते आणि गाडी उड्या मारते. फार मऊ असेल तर पुढून दिलेला पीळ मागे पोहोचतच नाही. म्हणून कार्टची चासी ३० ते ३२ मिलिमीटर व्यासाच्या, क्रोम-मॉलिब्डेनम मिश्रित पोलादाच्या नळ्यांची असते. स्प्रिंग नसलेल्या गाडीत ती चासीच स्प्रिंगचे काम करते. घरगुती बांधणीत भीतीपोटी जागोजागी तिरके आधार वेल्ड केले जातात. मजबुती वाढते, पण वळण्याची क्षमता त्याच वेल्डिंगखाली गाडली जाते.

मागचा ॲक्सलही असाच पिळतो आणि वाकतो. त्याच्या बाबतीत जुना समज असा की भरीव बार नळीपेक्षा भक्कम. ३० मिलिमीटरचा भरीव बार आणि ५० मिलिमीटर व्यासाची, २ मिलिमीटर जाडीची नळी यांची तुलना करून पाहावी. वाकण्याला विरोध व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो, त्यामुळे ती नळी बारपेक्षा सुमारे २.२ पट ताठ भरते आणि तिचे वजन बारच्या निम्म्यापेक्षाही कमी असते. आंतरराष्ट्रीय नियमांत ५० मिलिमीटर ही ॲक्सलच्या व्यासाची कमाल मर्यादा आहे आणि शर्यतीच्या आजच्या कार्टमध्ये तोच व्यास रूढ आहे. त्यातही ड्रायव्हर मऊ-कडक ॲक्सल बदलून वापरतात. बेअरिंगच्या बाबतीत मात्र कुठलीही तडजोड चालत नाही. दोन पेडेस्टल एका रेषेत नसतील तर ॲक्सल प्रत्येक फेऱ्यात वाकतो, चेन उडते आणि काही दिवसांत चावीची खाच जिथे कापली आहे तिथूनच तडा जातो. खाच कापताना तिचे कोपरे धारदार न ठेवता गोलाकार ठेवले तर हा तडा बराच टाळता येतो.

सलग ॲक्सल नको असेल तर दुसरा रस्ता एकाच चाकाला जोर देण्याचा. मागचे एक चाक ॲक्सलला पक्के, दुसरे बेअरिंगवर मोकळे. गाडी सहज वळते, खर्च कमी येतो, आणि कमी वेगाच्या गाडीला हे पुरतेही. पण इंजिनाचा जोर एकाच बाजूने लागत असल्याने ॲक्सिलरेटर दाबला की गाडी एका अंगाला ओढते. डावे वळण आणि उजवे वळण वेगळे लागते. ब्रेकची डिस्क त्याच ॲक्सलवर असेल तर ब्रेकही एकाच चाकाला लागतो, आणि ही गोष्ट धोक्याची आहे. मोकळ्या चाकाला स्वतःचा ब्रेक दिल्याशिवाय ही रचना वापरू नये.

महाराष्ट्रात घरगुती गाडी बनवणाऱ्यांच्या हाताशी तिसरा रस्ताही आहे. बजाजच्या रिक्षा वाळूजला बनतात, पिॲजिओची ॲपे बारामतीत. या गाड्यांच्या गिअरबॉक्समध्येच डिफरन्शियल असते आणि दोन्ही बाजूंना हाफ शाफ्ट निघतात. भंगारात असा संच मिळाला की मागच्या बाजूचा मोठा प्रश्न सुटतो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी हे कधीच हेरले. पिथमपूरच्या चाचणी मैदानावर २००७ पासून होणाऱ्या बाहा एसएई इंडिया स्पर्धेत अनेक संघांनी तीनचाकी मालवाहू गाडीचे असे गिअरबॉक्स वापरले आहेत. त्यांतल्या काहींनी डिफरन्शियल मुद्दाम जखडून टाकले, कारण चिखलात एक चाक घसरू लागले की मोकळे डिफरन्शियल सगळी फिरक त्याच चाकाला देते आणि गाडी जागेवर रुतते. म्हणजे ज्या जखडलेल्या ॲक्सलमुळे डांबरावर गाडी वळत नाही, तोच चिखलात तिला बाहेर काढतो. गाडी कुठे चालणार आहे हे ठरल्याखेरीज मागचा ॲक्सल ठरवता येत नाही.

मारुती ८०० चा पुढचा संपूर्ण संच काढून मागे बसवण्याची पद्धतही चांगलीच रूढ आहे. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, हब, सगळे एकत्र मिळते. पण ती चाके मुळात वळणारी आहेत, हे विसरून चालत नाही. मागे आल्यावर त्यांचे टाय रॉड चासीला पक्के बांधावे लागतात, आणि बांधण्याची जागा चुकली तर प्रत्येक खड्ड्यात चाक वरखाली होताना थोडे वळतेही. मागचे चाक अर्धा अंश जरी आपल्या मर्जीने वळले तरी चालवणाऱ्याला गाडी तरंगल्यासारखी वाटते. रॉडचे आतले टोक लोअर आर्मच्या आतल्या बिजागरीशी मिळतेजुळते ठेवणे, रॉड आणि आर्म समांतर आणि शक्यतो सारख्या लांबीचे ठेवणे, हा त्यावरचा उपाय आहे.

मागच्या चाकांनी वळण घडते याचे थेट प्रात्यक्षिक शेतात बघायला मिळते. पॉवर टिलरला स्टिअरिंग व्हील नसते. दोन मुठींजवळ दोन क्लच असतात. डावा दाबला की डाव्या चाकाचा जोर तुटतो आणि यंत्र डावीकडे वळते. उतारावर मात्र उलटे घडते. तिथे इंजिन चाकाला मागे धरून ठेवत असते. डावा क्लच दाबला की डावे चाक मोकळे होऊन पुढे धावते आणि टिलर उजवीकडे वळतो. घाटरस्त्याने टिलर नेणारा शेतकरी हे अनुभवाने जाणतो, नवख्याला ते अपघात होण्याआधी सांगायलाच हवे. ट्रॅक्टरलाही मागच्या दोन चाकांचे दोन वेगळे ब्रेक असतात. बांधाच्या कडेला एक पेडल दाबून जागच्या जागी वळता येते, आणि रस्त्यावर येताना ती दोन्ही पेडल खिट्टीने जोडावीच लागतात.

आता स्टिअरिंग. पुढची दोन चाके एकाच कोनात वळवून चालत नाही, कारण त्यांचीही वर्तुळे वेगळी असतात. म्युनिकच्या गेओर्ग लांकेनश्पेर्गर या बग्गी बनवणाऱ्याने यावर तोड काढली आणि त्याच्या वतीने रुडॉल्फ आकरमान याने १८१८ साली लंडनमध्ये पेटंट घेतले. नाव आकरमानचेच राहिले. १.०५ मीटर व्हीलबेस, पुढच्या चाकांत १ मीटर अंतर आणि मागच्या ॲक्सलच्या मध्यापासून ५ मीटरची त्रिज्या असेल, तर आतले चाक सुमारे १३ अंश आणि बाहेरचे सुमारे ११ अंश वळायला हवे. यासाठी स्टिअरिंग आर्म असे तिरके ठेवतात की किंगपिन आणि आर्मचे टोक जोडणारी रेषा मागे वाढवली तर ती मागच्या ॲक्सलच्या मध्याजवळ पोहोचते. म्हणजे पुढच्या आर्मचा कोन काढतानासुद्धा मोजपट्टीचे दुसरे टोक मागच्या ॲक्सलवरच धरावे लागते. ॲक्सल दोन इंच मागे सरकवला की पुढचा हिशेब बदलतो. घरगुती बांधणीत इंजिनाला जागा होईना म्हणून ॲक्सल मागे सरकवणे नेहमीचे आहे आणि त्यानंतर आर्म पुन्हा तपासणारे थोडेच.

तीन चाकांच्या गाडीत हिशेब जास्त कठोर होतो. पुढे एक आणि मागे दोन चाके असतील, तर गाडी उलटण्याची रेषा पुढच्या चाकापासून मागच्या बाहेरच्या चाकाकडे तिरपी जाते. वजन व्हीलबेसच्या मध्यावर असेल तर त्या जागी आधाराची रुंदी मागच्या रुंदीच्या निम्मीच उरते. वजन दोनतृतीयांश मागे नेले तर रुंदीही दोनतृतीयांश मिळते. वळता वळता ब्रेक मारला की भार पुढे आणि बाहेर जातो, म्हणजे नेमका जिथे आधार कमी तिथे. इंजिन आणि बसणारा माणूस मागे आणि शक्य तितके खाली ठेवणे, हाच खरा बचाव.

या सगळ्या कामाला कायद्याची एक चौकट आहे. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका फॅब्रिकेशन कारागिराने भंगारातून जोडलेली, किक मारून सुरू होणारी छोटी जीप डिसेंबर २०२१ मध्ये देशभर गाजली. आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक करतानाच ती नियमांत बसणार नाही हेही सांगितले आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी झालेल्या गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाही, आणि नवी गाडी रस्त्यावर आणायची तर पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून नमुन्याची तपासणी व्हावी लागते. त्यामुळे घरगुती गाडीची जागा खासगी आवारात, शेतात किंवा बंदिस्त ट्रॅकवर आहे. कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकॅडमीचा ट्रॅक आहे, तिथे कार्टिंगच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या झालेल्या आहेत. तिथे उभे राहून वळणावर कार्टचे मागचे आतले चाक पाहिले, तर वर सांगितलेली युक्ती दोन मिनिटांत डोळ्यांना पटते.

स्वतःच्या गाडीची परीक्षा घ्यायला तेवढेही लागत नाही. मोकळ्या सपाट जमिनीवर दोरी आणि चुन्याने पाच मीटर त्रिज्येचे वर्तुळ आखावे. हेल्मेट घालून चालवणाऱ्याने आधी पायी चालण्याच्या वेगाने त्या रेषेवर गाडी फिरवावी, मग वेग थोडा थोडा वाढवावा. दुसऱ्या माणसाने वर्तुळाबाहेर सुरक्षित अंतरावर उभे राहून मागचे आतले चाक पाहावे. वेग वाढताना स्टिअरिंग अधिकाधिक फिरवावे लागत असेल तर गाडी पुढून निसटते आहे. कॅस्टर वाढवून किंवा पुढची चाके थोडी बाहेर घेऊन पाहावे. स्टिअरिंग उलट सैल सोडावे लागत असेल तर ती मागून निसटते आहे. कार्टच्या अनुभवानुसार मागच्या चाकांमधले अंतर थोडे कमी केले की बाहेरच्या टायरवर भार वाढतो आणि पकड येते, पण जास्त कमी केले तर गाडी दोन चाकांवर उचलली जाऊ शकते. एका वेळी एकच बदल करावा, टायरमधली हवा आधी सारखी करून घ्यावी आणि प्रत्येक बदलानंतरचे माप वहीत लिहावे. वर्तुळ डावीकडून झाले की तेच उजवीकडून करावे. दोन्हींत फरक पडला तर स्टिअरिंगला हात लावण्याआधी मागचा ॲक्सल चासीला काटकोनात आहे की नाही, हे दोन्ही बाजूंच्या किंगपिनपासून ॲक्सलपर्यंत दोरी धरून मोजावे.